नाल्याकाठचं झाड

मार्च अर्धा सरला की गडचिरोलीकडे येणाऱ्या एसटीत मोहाच्या फुलांचा वास चढतो. कुठल्या तरी फाट्यावर एखादी बाई पोतं घेऊन उभी असते, कंडक्टर कुरकुरतो, पोतं मागच्या सीटखाली सरकतं आणि पाच मिनिटांत सगळी गाडी त्या गोड, जराशा आंबूस, जड वासानं भरून जाते. मग पुढच्या सीटवरचे नुकतेच बदलून आलेले एखादे साहेब नाकाला रुमाल लावतात आणि खिडकी अजून थोडी उघडते का ते बघतात. मला दर वर्षी त्या साहेबांचा राग येतो. खरं तर त्यांचं काही चुकत नाही, बिचाऱ्यांना तो वास नवा असतो. पण राग येतो खरा.

आणि त्या वासाबरोबर आठवतो एकच हंगाम, जेमतेम तीन आठवड्यांचा. त्यात कोणी मेलं नाही, कोणाचं लग्न झालं नाही, वाघसुद्धा दिसला नाही. मी मात्र त्या तीन आठवड्यांत अशी तोंडघशी पडले की विचारू नका. आज त्याचं हसू येतं, म्हणूनच लिहायला बसले आहे. रडू येत असतं तर मी कपाट आवरायला घेतलं असतं.

मी तत्त्वज्ञान शिकवते. गडचिरोलीत, बी.ए.च्या वर्गाला, मराठीतून. हे ऐकून लोक विचारतात, अजून असतो का तो विषय? माझे बाबा चंद्रपूरला कोळसा खाणीत होते. मी एम.ए.ला हा विषय घेतला तेव्हा त्यांनी आठ दिवस विचार केला, आणि मग जेवताना म्हणाले, "बाई, तुहे फ्रान्सवाले जे बोलून राह्यले ते खरं असन. पण आपल्या वस्तीतल्या नळाले त्याचा काही उपयोग?" आमच्या बौद्ध वस्तीला तेव्हा एकच नळ होता आणि त्यावर रोज भांडणं व्हायची. बाबांनी ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तेव्हापासून फ्रान्सवाल्यांना नळापाशी आणून उभं करायचं, हाच माझा उद्योग होऊन बसला आहे.

वर्गात मी हक्क म्हणजे काय ते एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालावरून शिकवते. रुमालवाला अजून गाडीत चढलेलाही नसतो, तरी सीट त्याची. का? तर सगळ्यांनी तसं मानलं म्हणून. मग ज्याच्याजवळ रुमालच नाही, त्यानं काय करायचं? इथपर्यंत आलं की मागच्या बाकावरचेही जागे होतात, कारण त्यांतले अर्धे त्याच दिवशी उभ्यानं प्रवास करून आलेले असतात. मग वर्गात जी वादावादी होते ती ऐकायला मला फार आवडते.

त्या वर्षी माझ्या डोक्यात तिकडच्याच एका विचारवंतानं घर केलं होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक समाज मनातल्या मनात एक मोजणी करून ठेवतो. कोण आपलं, कोणाचा वाटा कुठला, कोणाचं म्हणणं म्हणणं आणि कोणाचा नुसता कलकलाट. काही माणसं तिथंच राहतात, तिथंच राबतात, पण त्या मोजणीत येत नाहीत. ती ज्या दिवशी तोंड उघडतात आणि बाकीच्यांना ते ऐकून घ्यावं लागतं, त्या दिवशी खरं राजकारण सुरू होतं. तुम्हाला सांगते, मला या विचाराचं वेडच लागलं. बाजारात गेले तरी मला मोजणीबाहेरची माणसं दिसायची, आणि भाजी घ्यायची राहून जायची. पुण्याच्या एका चर्चासत्राला मी निबंध पाठवायचं कबूल केलं. शीर्षक तयार होतं. आता फक्त त्या शीर्षकात बसेल असा कोणी तरी माणूस मिळायचा होता.

मैना ही माझी जुनी विद्यार्थिनी. कॉलेजात असताना ती दर मार्चमध्ये गायब व्हायची आणि मी तिला दर एप्रिलमध्ये झापायची. एकदा तिनं मला शांतपणे सांगितलं की पेपर ऑक्टोबरलेबी देता येते मॅडम, पण मोह काही ऑक्टोबरात पडत नाई. पुढं ती लग्न होऊन एटापल्लीच्या पलीकडं, जंगलातल्या एका लहानशा गावी गेली आणि तिथं अंगणवाडी चालवू लागली. तिचे सासरे लालसूभाऊ हे तिथल्या ग्रामसभेचे अध्यक्ष. माझी अडचण ऐकून ती फोनवर म्हणाली, मोहाच्या दिवसांत या, सगळे गावातच असतात. मी रजा टाकली आणि निघाले.

तिथली सकाळ कानांना आधी कळायची. अंधार पुरता फिटलेला नसायचा, आणि जंगलात टप टप आवाज चालू असायचा, सगळीकडून, सावकाश, कोणाला कसली घाई नसल्यासारखा. फुलं झाडावर असताना दिसतही नाहीत. खाली मात्र पिवळट पांढरे, रसानं फुगलेले मणी विखुरलेले असतात, हातात घेतले तर गार. पहिल्या दिवशी मी दोन खाल्ले आणि मोठ्या कौतुकानं सगळ्यांकडं पाहिलं. कोणी बघत नव्हतं, सगळ्या बायका वाकून वेचत होत्या. तासाभरानं माझ्या कमरेनं मला सांगितलं की प्राध्यापकाची कमर वेगळी असते. बोटं चिकट, बोटांवर मधमाश्या, आणि भोवती गोंडीतलं हसणं. ते माझ्यावरच होतं, हे समजायला भाषा यावी लागत नव्हती.

ऊन चढलं की टोपल्या घरी यायच्या. अंगणात मोह पसरायचा आणि दोन-चार दिवसांत त्याचा रंग मनुक्यासारखा व्हायचा. अंगणवाडीतून आली की मैना तो हातानं खालीवर करायची. दुपारी उकडलेला मोह पानावर यायचा. मी तिखटाची माणूस, तरी तो मला आवडू लागला. मोबाईलला रेंज नव्हती. निबंधाची वही पिशवीत होती आणि मी तिला रोज उद्या म्हणत होते.

जुरीबाईला मी तिथं पाहिलं. चाळिशीची, उंच, कपाळावर गोंदलेलं. बारा वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी आली, ती भावाच्या घरी पडवीत राहिली. भाऊ वाईट नव्हता, भावजय तर बरी म्हणावी अशी. जुरीबाई भावाच्या झाडांखाली मोह वेचायची आणि भावाच्या टोपलीत भरायची. हे असं का, ते मला मैनानं समजावलं. जंगल सगळ्या गावाचं, पण मोहाची झाडं घरागणिक ठरलेली. कुठंही लिहिलेलं नाही, तरी शेंबडं पोरसुद्धा सांगेल की ते वाकडं झाड कोणाचं. मुलगी लग्न होऊन गेली की तिची झाडं सासरच्या गावात. ती परत आली तर सासरची झाडं सुटतात आणि माहेरी तिच्या वाट्याला झाड नसतं. भाकर मिळते, पडवी मिळते, झाड मिळत नाही.

हे ऐकताना माझं काळीज धडधडू लागलं, आणि ते दुःखानं नव्हे, हे कबूल करते. मला माझं उदाहरण सापडलं होतं.

त्यातून योग असा, की त्या वर्षी नाल्याकाठचं एक झाड मोकळं झालं होतं. ज्या म्हाताऱ्या जोडप्याचं ते होतं ती दोघंही पावसाळ्यात गेली, मागं कोणी नाही. झाड मोठं, खाली सपाट जागा, वेचायला सोपं. जुरीबाईच्या भावाला ते आपल्या घराच्या वाट्याला हवं होतं, घर वाढलं होतं त्याचं. आणि जुरीबाईला ते स्वतःला हवं होतं. निवाडा ग्रामसभेत व्हायचा होता, आणि तोही लवकर. कारण तिथली रीत अशी की झाडाची गोष्ट मोह पडत असतानाच करायची. ज्याला झाड मिळेल त्यानं त्याच दिवशी जाऊन त्याच्याखालची जागा झाडून साफ करायची, म्हणजे सगळ्या गावाला दिसतं. मोह संपला की झाडाबद्दलचं बोलणं बंद, ते पुढच्या वर्षीवर.

मी जुरीबाईशी बोलून पाहिलं. तिला मराठी येत होतं, पण ती ते जपून वापरायची. झाड पाहिजे का म्हटलं, तर पायजे म्हणाली. का पाहिजे, तर तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी जणू भातात मीठ का घालतेस असं विचारलं होतं. "माहं म्हनून," ती म्हणाली आणि कामाला लागली. मी वहीत लिहिलं: मौन. त्याखाली दोन रेघा ओढल्या.

सभा भरली ती भर दुपारी, वेचणं आटोपल्यावर, गोटुलासमोर. गोटुल म्हणजे गावाची एकत्र बसायची जागा. बाया-माणसं सगळी गोल करून बसली. मी मैनाला खेटून बसले, आणि ती मला गोंडीचं मराठी करून कानात सांगत होती. आधी भाऊ बोलला. मग एक म्हातारी, मग शेजारचा माणूस, मग आणखी दोघी-तिघी. कोणी भावाच्या बाजूनं, कोणी म्हणे झाड गावाचंच राहू द्या, एक म्हातारी जुरीच्या बाजूनंही बोलली. आणि जुरीबाई खाली मान घालून काडीनं मातीत रेघोट्या ओढत होती. तासभर तिला कोणी काही विचारलं नाही. तिच्याबद्दल सगळे, तिच्याशी कोणीच नाही. पुस्तकात जसं लिहिलंय अगदी तसं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. शेवटी सगळे गप्प झाले. बस, म्हटलं, आता हे झाड भावाच्या घरात जाणार आणि ही अशीच मातीत रेघा ओढत राहणार.

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी उभी राहिले आणि दहा मिनिटं बोलले. मराठीतून. मैना तोंड पाडून एकेक वाक्य गोंडीत सांगत होती, ते मला दिसत होतं, पण मला वाटलं ती भारावली आहे. मी म्हणाले की ही बाई बारा वर्षं तुमच्यात बसते आहे आणि तुमच्यातल्या एकालाही तिचं म्हणणं ऐकावंसं वाटत नाही. शेवटी माझा आवाज थोडा कापला. खोटं कशाला बोलू, तो कापला याचं मला बरंच वाटलं.

लालसूभाऊंनी खांद्यावरचा पंचा सारखा केला. मग मला समजावं म्हणून मराठीत, अगदी मऊ आवाजात विचारलं, "मॅडम, झाड तुमाले पायजे काय?"

मी हसले. कोणीच हसलं नाही. मी म्हटलं, मला कशाला, जुरीबाईला. ते म्हणाले, "मंग तुमी काऊन मांगून राह्यल्या?" आणि नंतर गोंडीत दोन शब्द बोलले. लोक उठले, धोतरं-लुगडी झटकली आणि आपापल्या घरी गेले. जुरीबाई उठली, हातातली काडी टाकली आणि माझ्याकडं न बघता निघून गेली.

घरी जाताना मैनानं मला सांगितलं, आणि तिला ते सांगताना माझीच लाज वाटत होती. तिथली रीत अशी, की ज्याचं काम असेल तो सगळ्यांच्या शेवटी बोलतो. आधी बाकीच्यांनी पोटातलं सगळं काढून टाकायचं, म्हणजे त्याला एकेकाला उत्तर देत बसावं लागत नाही. त्याच्यानंतर कोणी बोलायचं नाही. मग अध्यक्ष एकेकाला विचारतो आणि एकाचाही नकार असेल तर निवाडा होत नाही. आणि त्याच्या जागी दुसऱ्या कोणी मागणं मांडलं, तर ती गोष्ट त्या दिवसापुरती बंद. कारण मग हे कोणाच्या मनातलं आहे तेच समजत नाही. पूर्वी बाहेरचे लोक येऊन गावाच्या नावानं काहीबाही मागून न्यायचे, म्हणून म्हाताऱ्यांनी हे घालून दिलेलं. त्या दुपारी सगळ्यांचं बोलून झालं होतं. सगळे गप्प झाले होते ते जुरीसाठी. तिची पाळी आली होती.

"मॅडम, अजून एक मिनिट थांबल्या असत्या तं," मैना म्हणाली.

मी रस्त्याकडेच्या एका दगडावर बसले. ज्या शांततेला मी अन्याय समजून उठून उभी राहिले होते, ती सगळ्या गावानं एका बाईसाठी रिकामी करून ठेवलेली जागा होती. आणि तिच्यात मी जाऊन बसले, चष्मा पुसत. पुढची सभा आठ दिवसांनी. नाल्याकाठचं झाड तर आधीच उतरणीला लागलेलं. आठ दिवसांत मोह संपला तर जुरीबाईचं एक वर्ष गेलं, आणि वर्षभरानं भावाचं घर अजून वाढलेलं असणार. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं शहाणी मी होते आणि बैल जुरीबाईचा.

मला निघून जावंसं वाटलं. मैना म्हणाली जा, पण मग लोक म्हणतील मॅडमनं काडी लावली आणि पळाली. मी राहिले. रोज सकाळी उठून आधी त्या झाडाकडं जायचे आणि मान वर करून किती फुलं उरली ते बघायचे. आयुष्यात कुठल्या झाडाकडं मी इतक्या भीतीनं पाहिलेलं नाही. एका दुपारी वारा सुटला. झाडाखाली पिवळा सडा पडला. वाऱ्याला मी जे बोलले ते इथं लिहीत नाही.

उरलेला वेळ मी वेचत होते, जुरीबाईच्या शेजारी, तिच्या भावाच्या झाडांखाली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी क्षमा मागितली, आणि तीही कशी, तर मुद्देसूद. माझा हेतू काय होता, मला काय वाटलं, मला रीत माहीत नव्हती, वगैरे. तिनं सगळं पूर्ण ऐकून घेतलं. माझं संपलं याची खात्री करून घेतली. मग म्हणाली, "मी तिथी बसली होती ना जी."

एवढंच. आणि वेचू लागली. मी आजवर दुसऱ्या माणसाविषयी, त्याच्या चेहऱ्याविषयी, त्याच्या हाकेविषयी फ्रान्सवाल्यांची हजारभर पानं वाचली असतील, परीक्षेत दहा दहा गुणांना विचारली असतील. त्या पानांत सगळं आहे, माझी तक्रार नाही. पण ती वाचताना मी स्वतःला नेहमी हाक ऐकणारी समजत आले होते. हाक दाबणारी मी असू शकते, हे त्या सकाळपर्यंत कधी मनात आलं नव्हतं.

गंमत म्हणजे तिथून पुढचे दिवस मजेत गेले. एकदा पूर्ण फजिती झाली की माणूस हलका होतो. मला कोणाचं उदाहरण करायचं नव्हतं, त्यामुळं माणसं दिसू लागली. जुरीबाई फार नकला करते हे मला तेव्हा समजलं. ती माझ्या भाषणाचीही नक्कल करायची, आवाज कापण्यासकट. बायका टोपल्या टेकून हसायच्या. मीही हसायचे, जरा उशिरा.

आता गडचिरोलीत एखादा कार्यक्रम असला, मागं मोठा फलक, समोर पुष्पगुच्छ, आणि माईकवर कोणी तरी म्हणतं की आमच्या या बांधवांच्या मनात नेमकं काय आहे ते मी सांगतो, तेव्हा मी ते बांधव कुठं बसलेत ते शोधते. बहुतेक वेळा पहिल्या रांगेत असतात, टोप्या घालून बसवलेले. त्यांच्यातला एखादा काडीनं मांडवातली माती उकरत असतो. मी त्याच्याकडं बघत राहते आणि मनात म्हणते, यांचं होऊ द्या भाऊ, तुमची पाळी यायची आहे. ती तिथं येत नाही, हा भाग निराळा. आमच्या कॉलेजच्या तक्रार समितीत एखादी मुलगी येते, समोर बसते आणि गप्प राहते. पूर्वी मी तिला शब्द पुरवायची. आता मनात अंक मोजते. कधी साठावर, कधी शंभरावर ती बोलते, आणि ते मी पुरवलं असतं त्यापेक्षा अगदीच वेगळं असतं. समितीतले सर घड्याळ बघतात. बघू देत.

तर त्या आठव्या दिवशी झाडावर थोडी फुलं होती. मोजकी, पण होती. त्या सकाळी माझ्या देखत पाच-सहा पडली. सभेला जाताना मी लालसूभाऊंना विचारलं, मी कुठं बसू? त्यांनी गोलाबाहेरचा एक दगड दाखवला आणि म्हणाले, तिथी सावली हाय. मैना गोलात जाऊन बसली. ती आज माझ्या कानाशी येणार नव्हती, हे तिनं न सांगताच कळत होतं.

मला एक अक्षर समजत नव्हतं. नुसते चेहरे. भाऊ बोलला, गेल्या वेळेपेक्षा कमी बोलला. म्हातारी बोलली. बाकीचे बोलले. मग गप्प झाले. ही तीच शांतता होती आणि या वेळी मी तिच्या बाहेर होते. मी पदराचं टोक तोंडात धरलं होतं, लहान मुलासारखं. जुरीबाईनं मान वर केली. ती उठली नाही, बसल्या जागीच बोलली. फार वेळ नाही, चहाचं पाणी उकळायला लागतो तेवढा. मध्ये एकदा बायका हसल्या. एकदा भावानं मान खाली घातली. एका म्हातारीनं डोळे पुसले, का ते माहीत नाही.

मग लालसूभाऊ एकेकाला विचारत गेले. पाळी भावावर आली तेव्हा तो बराच वेळ आपल्या पायांकडं बघत राहिला. त्यानं एकच शब्द उच्चारला, आणि लोक उठले.

काय ठरलं? मला समजेना. मैना लांब कोणाशी बोलत होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी जुरीबाईला मिठी मारली नाही. ती आपली चालू लागली. भावाच्या घरापाशी थांबली, कुडाला टेकवलेला खराटा उचलला आणि घरात न जाता नाल्याच्या वाटेनं निघाली. तेव्हा मला समजलं. मी त्या दगडावर बसूनच रडले, आणि मला फार आनंद झाला.

तिनं सभेत काय सांगितलं, ते मी मैनाला त्याच दिवशी विचारलं. जुरीताई सांगन तं सांगन, ती म्हणाली. जुरीताईनं सांगितलं नाही. पुण्याला मी शीर्षक बदलून निबंध वाचला, स्वतःच्या फजितीसकट. नंतर एका अभ्यासकानं विचारलं, पण ती नेमकं काय बोलली? मी म्हटलं, माहीत नाही. सत्राचे अध्यक्ष म्हणाले, मग हा निबंधातला मोठा कच्चा दुवा राहतो. मी म्हटलं, हो, राहतो. आणि चहा प्यायला गेले. इतक्या समाधानानं मी कुठल्याच चर्चासत्रात चहा प्याले नव्हते.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मला गडचिरोलीला परत यायचं होतं. निघण्याआधी सकाळी मी नाल्यावर गेले. झाडाखालची जागा तिनं अशी झाडली होती की तांबडी माती नुसती उघडी दिसत होती. पाचोळा कडेला ओढून जाळलेला, राखेची एक गोल रेघ राहिली होती. आत जुरीबाई वाकून वेचत होती. फुलं थोडीच होती, पण ती एकेक वेगळं उचलत होती आणि टोपलीही वेगळी होती, लहानशी, नवी.

मी रेघेशी थांबले. तिनं मला पाहिलं, आणि वेचत राहिली. मी उभी होते. तिनं तो एक भाग पुरा केला, टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली, पदराला हात पुसले. तिला कसलीही घाई नव्हती आणि मलाही नव्हती. मग ती माझ्याकडं वळली.

"या जी," ती म्हणाली.

बारा वर्षं ती त्या गावात पाहुण्यांना पाणी देत आली होती, पण या म्हणायचं ते भावानं नाहीतर भावजयीनं, कारण घर त्यांचं. तिला या म्हणायला जागाच नव्हती. आज होती, आणि त्या जागेवर तिनं पहिल्यांदा बोलावलं ते मला, जिनं तिची पाळी खाल्ली होती. मी चपला रेघेबाहेर काढून ठेवल्या आणि आत गेले.